रोग्याच्या उशाशी मुका सोबती
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कशावर बोलणार, असे चिटणीसबाईंनी विचारले, तेव्हा मी म्हटले, "कुत्र्यावर." त्या हसल्या. तुम्हीही हसलात तरी चालेल. गेली दोन वर्षे मी आमच्या मोत्याला घेऊन पवनारातल्या तीन घरी जाते. 'मास्तरीणबाई कुत्रा मिरवतात' असे माझ्या कानावर येते. पण ते मिरवणे नव्हे, काम आहे. पुण्याला लेकीकडे होते तेव्हा मी ते शिकले, आणि खरे शिकले ते इथे चुका करून.

आजाऱ्याला जनावराची सोबत मानवते, ही गोष्ट जुनीच आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० च्या सुमारासच आपल्या शुश्रूषेच्या पुस्तकात तसे लिहून ठेवले. पुढे न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्याकडे एक अबोल मुलगा ठरल्या वेळेआधीच येऊन पोचला. त्यांचा जिंगल्स कुत्रा खोलीतच होता. कोणालाही जवळ न करणारे ते पोर त्याच्याशी रमले. लेव्हिन्सननी १९६२ साली त्यावर लेख लिहिला. आपल्याकडे मीनल कविश्वर यांच्या अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशनने शिकवलेले कुत्रे नेऊन विशेष मुलांमध्ये हे काम केले आहे. इतिहास एवढा पुरे.

आमच्या ओळखीच्या एका आजींचा उजवा हात लकव्याने गेला. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, पण सुनेने कितीही विनवले तरी आजी हात उचलीत ना. मोत्या खाटेशी बसू लागला आणि पाचव्या खेपेला त्या त्याच्या पाठीवर तोच हात ठेवू लागल्या. मोत्याने लकवा बरा केला, असे मात्र कोणी म्हणू नका. औषध डॉक्टरांचे, व्यायाम आजींचा. मोत्या फक्त निमित्त.

आणि तेच मी घालवून बसले होते. वैशाखाचे दिवस, वर टिनाचे छप्पर, भोवती शेजारची पाचसहा पोरे. मोत्याने दोनतीनदा जांभई दिली, ओठ चाटले, तोंड फिरवले. मला वाटले, झोप आली असेल. एका पोराने त्याच्या गळ्याला मिठी मारली आणि तो गुरगुरला. चावला नाही, पण आजींनी हात ओढून घेतला तो तीन आठवडे पुढे केला नाही. वर मी मोत्यालाच रागावले, ही दुसरी चूक. गुरगुरणे ही त्याची सूचना असते. ती मारून बंद केली, तर कुत्रा पुढच्या वेळी न सांगता चावू शकतो.

म्हणून कुरवाळणे मागाहून. आधी कुत्र्याचा नकार ओळखायला शिकावे. जांभई, चाटलेले ओठ, फिरवलेले तोंड, पायांत घातलेली शेपटी, डोळ्यांच्या कडेला दिसणारे पांढरे, यांतले काही दिसले की उठावे. आता मी धामच्या काठाने सकाळची चक्कर झाल्यावर जाते, पंधरा-वीस मिनिटेच बसते, आणि पाण्याचे भांडे बरोबर नेते. खुंटीवरचा पट्टा काढल्यावर मोत्या आपणहून आला नाही, तर त्या दिवशी जात नाही. घरच्यांना आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाऊल टाकीत नाही. उघडी जखम, दमा किंवा कुत्र्याची भीती असेल तिथे हा उद्योगच नको. एका घरी देवघरापुढे कुत्रा चालत नाही. आम्ही ओट्यावर बसतो. त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

पिसाळण्याविरुद्धची लस दरसाल, जंतांचे औषध वेळेवर, आणि आधी-नंतर साबणाने हात धुणे हवेच. कोणालाही, कोणताही कुत्रा चावला, तरी तिखट, चुना, हळद लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवा आणि लगोलग सेवाग्रामचा किंवा वर्ध्याचा दवाखाना गाठा. कुत्रा ओळखीचा होता म्हणून थांबू नका.

ज्यांना शिकायचे असेल त्यांनी येत्या शनिवारी सकाळी आमच्या ओट्यावर यावे. कुत्रा आणू नये, वही-पेन्सिल आणावी. पहिला अर्धा तास मोत्याला हात न लावता नुसते बघायचे, आणि त्याची शेपटी, कान, तोंड काय काय करतात ते लिहून काढायचे आहे.