पत्ता आणि वाट

पत्ता ठाऊक असणें निराळें आणि वाट ठाऊक असणें निराळें. हा भेद व्यवहारांत सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु बँका, रुग्णालयें, रेल्वे आणि सरकारी कचेऱ्या आज ज्या संगणकांच्या जाळ्यांवर चालतात, त्या जाळ्यांचा सारा कारभार याच भेदावर उभा आहे, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. मागितलेली माहिती पुरविणाऱ्या संगणकास सर्व्हर म्हणतात. हा सर्व्हर एका जागीं बसून परक्या जाळ्यांशीं बोलतो तो कसा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

जाळ्यांतील प्रत्येक यंत्रास एक क्रमांक असतो. १९८१ सालीं ठरलेल्या व अद्यापि प्रचारांत असलेल्या पद्धतीप्रमाणें तो चार आकड्यांनीं लिहितात, उदाहरणार्थ, १९२.१६८.१०.२०. वरवर एकच दिसणाऱ्या या क्रमांकाचे वस्तुतः दोन भाग असतात: पहिला आळीचा, दुसरा घराचा. आळीचा भाग कोठें संपतो हें दाखविणाऱ्या खुणेस मास्क म्हणतात, आणि अशा आळीस सबनेट हें नांव आहे. पहिले तीन आकडे आळीचे धरले, तर शेवटच्या आकड्यासाठीं २५६ क्रमांक उरतात. त्यांपैकीं दोन राखीव असल्यामुळें त्या आळींत २५४ यंत्रें नांदूं शकतात.

सर्व्हरला निरोप पाठवावयाचा असला, म्हणजे तो प्रथम इतकेंच पाहतो कीं, हा पत्ता आपल्या आळींतील आहे कीं बाहेरचा. आळींतील असेल, तर तो साऱ्या आळीस हांक घालून "हा क्रमांक कोणाचा?" असें विचारतो, आणि ओ देणाऱ्या यंत्राच्या हातीं निरोपाचें पाकीट देतो. पत्ता बाहेरचा असेल, तर त्याला आपलें मार्गकोष्टक उघडावें लागतें. या कोष्टकाच्या प्रत्येक ओळींत मुख्यतः दोन गोष्टी असतात: कोणत्या जाळ्याकडे जावयाचें, आणि त्यासाठीं पाकीट कोणत्या राउटरकडे सोंपवावयाचें. राउटर म्हणजे दोन किंवा अधिक आळ्यांत पाय ठेवून उभें असलेलें यंत्र. त्याचा एक पाय सर्व्हरच्या आळींत असावाच लागतो. नाहीं तर पाकीट त्याच्या हातीं देणार कोण? कोष्टकाच्या तळाशीं बहुधा "बाकी सर्व" अशा अर्थाची एक ओळ असते. तिच्यांत नेमलेल्या राउटरास गेटवे म्हणतात.

यावरून एक चमत्कारिक गोष्ट दिसून येते. सर्व्हरला सारी वाट कधींच ठाऊक नसते. ठाऊक असतें तें केवळ पुढचें पाऊल. पाकिटावर अखेरचा पत्ता तसाच राहतो, आणि त्याचें बाहेरचें वेष्टन मात्र प्रत्येक मुक्कामीं नवें चढतें. शिवाय पाकिटावर एक आकडा लिहिलेला असतो, तो प्रत्येक राउटर एकानें उणा करतो. आकडा शून्य झाला कीं पाकीट टाकून देतात. दोन राउटर चुकून एकमेकांकडेच बोट दाखवूं लागले, तरी पाकीट अनंत काळ फिरत राहूं नये, यासाठीं ही योजना आहे.

आतां श्रोत्यांनीं एका रुग्णालयाची कल्पना करावी. वर सांगितलेल्या क्रमांकाच्या सर्व्हरवर रोग्यांचीं टिपणें आहेत. त्याच्या आळींत दोन राउटर आहेत: १९२.१६८.१०.१ हा बाहेरच्या जगाकडे नेणारा गेटवे, आणि १९२.१६८.१०.२ हा रस्त्यापलीकडील रक्ततपासणीच्या इमारतीकडे नेणारा. त्या इमारतींतील क्रमांक १०.२० या आकड्यांनीं सुरू होतात. तेथील संगणक एका रोग्याचें टिपण मागतो. प्रश्न दुसऱ्या राउटरमार्गें सर्व्हरपर्यंत सुखरूप पोंचतो. सर्व्हर उत्तरही तयार करतो. परंतु त्याच्या कोष्टकांत १०.२० ची ओळच नाहीं. म्हणून उत्तर "बाकी सर्व" या ओळीनें गेटवेकडे जातें, आणि १० नें आरंभ होणारे क्रमांक खाजगी असल्यानें बाहेरच्या जगांत त्यांस कोणी वाट देत नाहीं. उत्तर नाहींसें होतें. इकडे तंत्रज्ञ तारा तपासतो, यंत्र बंद करून पुन्हां चालूं करतो. रोगी आणि डॉक्टर तिष्ठत बसतात. वास्तविक यंत्रांत कांहींच बिघाड नाहीं. प्रश्न आला त्या वाटेनेंच उत्तर जाईल, ही समजूत तेवढी खोटी आहे.

उपाय एका ओळीचा आहे: १०.२० कडील पाकिटें १९२.१६८.१०.२ कडे द्यावींत. मात्र ती ओळ केवळ चालूं स्मृतींत घातली, तर यंत्र पुन्हां सुरू होतांच पुसली जाते. म्हणून ती कायमच्या नोंदींत लिहावी लागते.

एका पत्त्यास दोन ओळी लागूं पडल्या, तर जी ओळ अधिक नेमकी ती श्रेष्ठ, असा नियम आहे. म्हणूनच १०.२० ची ओळ "बाकी सर्व" या ओळीवर मात करते. या नियमाचें सामर्थ्य २४ फेब्रुवारी २००८ रोजीं जगास दिसलें. मोठमोठ्या जाळ्यांचे राउटर "अमुक क्रमांक आमच्याकडे आहेत" असें परस्परांस कळवीत असतात. पाकिस्तानांत यूट्यूब बंद करण्याची सरकारी आज्ञा झाली, तेव्हां पाकिस्तान टेलिकॉमनें यूट्यूबच्या २५६ क्रमांकांची वाट आपल्याकडे वळविली. परंतु देशापुरती राहावयाची ती सूचना सीमेबाहेर गेली. यूट्यूबची स्वतःची सूचना १,०२४ क्रमांकांच्या मोठ्या समूहाची, म्हणजे कमी नेमकी होती. त्यामुळें जगांतील पुष्कळ ठिकाणचीं पाकिटें पाकिस्तानकडे धांवलीं, आणि सुमारें दोन तास यूट्यूब कित्येकांस दुर्लभ झालें. त्याचे सर्व्हर त्या वेळीं धडधाकट होते. लोप झाला होता तो वाटेचा.

म्हणून सर्व्हर मुका झाला असें वाटतें, तेव्हां जाणता तंत्रज्ञ यंत्रास दोष देण्यापूर्वीं त्याचें मार्गकोष्टक वाचतो. आणि जाण्याची वाट पाहून तो थांबत नाहीं, परतीची वाटही पाहतो.