परदेशी विद्या व विषयांची निवड

(मौजे डोंगरकडा, जि. हिंगोली येथे शेतकरी व कारागीर पालकांच्या सभेत मराठी शाळेच्या एका शिक्षकाने केलेले भाषण. वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत. – संपादक)



आजचा विषय ऐकून कित्येकांस हसू येईल. ज्या गावात हळदीच्या भावावर आणि केळीच्या घडावर वर्षाचा हिशेब चालतो, तेथे परदेशी विद्यापीठात गेलेल्या मुलाने कोणते विषय घ्यावेत याचा खल कशाला? ज्याच्या दावणीला बैल नाही त्याने तिफणीची चर्चा का करावी? असे कोणी म्हणेल. त्यास माझे उत्तर एवढेच की, ही चर्चा आजवर आपण केली नाही म्हणूनच ती दुसऱ्यांनी आपल्यावाचून केली आणि निकालही परस्पर लावला. शेतकऱ्याच्या मुलाने किती शिकावे, सुताराच्या पोराने कोणते पुस्तक उघडावे, बाईमाणसाने अक्षर ओळखावे की नाही, हे ठरविणारे आपण कधीच नव्हतो.

जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे हेच गाऱ्हाणे मांडले. सरकारचा खजिना भरतो तो रयतेच्या घामाने, आणि त्या पैशावरचे उच्च शिक्षण मिळते ते वरच्या जातींच्या मुलांस, असा त्यांचा रोकडा हिशेब होता. शाळेचे दार उघडावे म्हणून ते झगडले. पुढे दार उघडले. पण दाराच्या आत आणखी एक दार होते, ते म्हणजे विषयांचे. त्याचा दाखला ऐका. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईस हायस्कुलात शिकत होते. त्यांना संस्कृत शिकावयाचे होते. परंतु अस्पृश्याच्या मुलास संस्कृत शिकविणार नाही म्हणून तो विषय त्यांना मिळाला नाही. फारसी घ्यावी लागली. म्हणजे पोर शाळेत बसले, फी भरली, पाटी हातात आली, तरी काय शिकावे हे त्याच्या बुद्धीने ठरले नाही, जातीने ठरविले. सबब, विषय निवडता येणे हा शिक्षणाचा लहानसा भाग आहे असे समजू नका. तो हक्क आहे, आणि आपल्यापासून तो फार काळ दूर ठेवला गेला.

आता याच मुलाच्या हाती निवड आली तेव्हा त्याने काय केले ते पाहू. श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांनी त्यांना तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी, असा करार झाला. १९१३ च्या जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे कोणी जात विचारून विषय वाटत नव्हते. एका शास्त्रात पदवी घ्यावयाची, तरी शेजारच्या शास्त्रांचे वर्ग करण्यास विद्यार्थी मोकळा होता. या मोकळिकीचा त्यांनी कसा उपयोग केला याचा आकडा उपलब्ध आहे. तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९ वर्ग घेतले, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन भाषांचा एकेक. एकूण ६० झाले.

शेतकरी बंधूंनो, या आकड्यांकडे शेतकऱ्याच्या नजरेने पाहा. हे शेत कसे पेरले आहे? जवळजवळ निम्मे रान एका पिकाखाली आहे, ते अर्थशास्त्र. कापसात तुरीचे तास धरावेत तसे इतिहास, समाजशास्त्र व तत्त्वज्ञान मधून मधून आहे. आणि बांधाच्या कडेला एकेक ओळ भाषेची. ज्याने सारे रान एकाच पिकाला दिले त्याचे एका रोगाने वाटोळे होते. ज्याने ओंजळ ओंजळ दहा पिके फेकली त्याचे एकही पीक खळ्यावर येत नाही. बाबासाहेबांनी या दोन्ही चुका टाळल्या.

आता खळ्यावर काय आले ते पाहू. मुख्य पीक प्रथम. १९१५ साली त्यांनी एम. ए. केले. प्रोफेसर सेलिग्मन यांच्या हाताखाली सरकारी जमाखर्चाचे शास्त्र शिकून त्यांनी हिंदुस्थानातील प्रांतिक सरकारांच्या पैशावर प्रबंध केला. तो १९२५ साली पुस्तकरूपाने निघाला आणि १९२७ साली कोलंबियाची डॉक्टर पदवी मिळाली. मधल्या काळात लंडन येथे रुपयाच्या प्रश्नावर दुसरा प्रबंध होऊन १९२३ साली डी. एस्सी. ही पदवी आली. केंद्राने गोळा केलेल्या करातून प्रांतांस किती द्यावे हा तो जुना प्रश्न. आपल्या संविधानाच्या २८० व्या कलमाने त्यासाठी वित्त आयोग नेमला जातो. १९१८ साली त्यांनी लहान शेतजमिनींवर लेख लिहिला. नुसते तुकडे जोडून शेतकऱ्याचे दैन्य जाणार नाही, भांडवल नाही आणि शेतावर हात जास्त झाले आहेत, त्यांना उद्योगधंद्यात काम मिळाले पाहिजे, असा त्याचा आशय. भावाभावांत वाटणी होऊन ज्याच्या वाट्यास दीड एकर आले आहे त्याने हा लेख आजही कोणाकडून तरी वाचून घ्यावा.

आता आंतरपीक पाहा. मानववंशशास्त्राचे वर्ग अवघे चार. परंतु ९ मे १९१६ रोजी प्रोफेसर गोल्डनवायझर यांच्या वर्गात बाबासाहेबांनी हिंदुस्थानातील जातींवर एक निबंध वाचला. जातीबाहेर लग्न न करणे हेच जातीचे खरे मूळ आहे, आणि ते कुंपण टिकावे म्हणूनच सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या चाली आल्या, असे त्यांनी दाखवून दिले. पुढच्या वर्षी तो निबंध छापला गेला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने शेजारच्या शास्त्राच्या वर्गात बसून केलेले हे काम आहे. तो वर्ग न घेता अर्थशास्त्राचे आणखी चार वर्ग केले असते, तर पदवी तीच मिळाली असती. हा निबंध मात्र मिळाला नसता. तत्त्वज्ञानाच्या वर्गात त्यांना जॉन ड्यूई यांच्यासारखे गुरू भेटले. लोकशाही म्हणजे केवळ राज्य चालविण्याची तऱ्हा नव्हे, एकमेकांबरोबर राहण्याची रीत आहे, हा विचार बाबासाहेबांच्या पुढील लिखाणात वारंवार येतो, तो या वर्गातून आला.

आणि ती बांधावरची ओळ? जर्मनीतील बॉन विद्यापीठात शिकण्याची इच्छा त्यांनी १९२१ साली धरली, तेव्हा अर्ज जर्मन भाषेत स्वतःच्या हाताने लिहिला. कोणी म्हणेल, परकी भाषा आमच्या पोरांना झेपणार नाही. आपल्याच जिल्ह्यातील नरसीचे नामदेव महाराज शिंपी समाजाचे. ते पंजाबपर्यंत गेले, आणि शीख बंधूंच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. तेव्हा दूर देशी जाऊन तेथील बोली आपलीशी करणे कारागिराच्या घरास नवे नाही.

दुसरे उदाहरण शेतकऱ्याच्या घरचे. अमरावतीकडील पापळ गावचे पंजाबराव देशमुख. विलायतेस जाऊन त्यांनी बॅरिस्टरी केली. तो मुख्य धंदा. परंतु ऑक्सफर्ड येथे डॉक्टर पदवीसाठी विषय कोणता घेतला? वेदवाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास! ज्या ग्रंथांना शूद्राने कानही लावू नये असे सांगितले गेले, ते ग्रंथ कुणब्याच्या मुलाने परदेशी बसून तपासले. पुढे त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था काढून विदर्भातील बहुजनांची मुले शिकविली, आणि १९५२ पासून दहा वर्षे ते देशाचे कृषिमंत्री होते. ज्यास शेती कळते त्याने वेद वाचू नयेत, आणि ज्याने वेद वाचले त्यास शेती कळू नये, ही वाटणी त्यांनी मोडून काढली.

आता आपल्या मुलांकडे वळू. वसमत, कळमनुरी, नांदेड येथील महाविद्यालयांतून मुले-मुली पुढे जात आहेत. एखादा परदेशाचा अर्ज करतो. तेव्हा घरात काय बोलणे होते? 'ज्याने नोकरी लागेल तेवढेच शिक, इकडे तिकडे पाहू नकोस.' जमीन गहाण पडलेल्या बापाचे हे बोलणे मी चुकीचे म्हणणार नाही. पोटाचा विषय अगोदर आलाच पाहिजे. परंतु पोटाचा विषय म्हणजे सगळेच विषय नव्हेत. यास्तव पालकांनी आणि मुलांनी ध्यानात ठेवाव्यात अशा काही गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, सर्व देशांची रीत एक नाही. अमेरिकेत विद्यार्थी दर सत्रास आपले वर्ग निवडतो आणि दुसऱ्या विभागाचे वर्गही बहुधा घेऊ शकतो. इंग्लंडात अर्ज करतानाच विषय ठरलेला असतो, तेथील एम. ए. सारखी पदवी साधारण एका वर्षाची, १८० श्रेयांकांची, आणि इकडे तिकडे फिरण्यास वाव थोडा. युरोपातील बहुतेक देशांत वर्षास ६० श्रेयांक धरतात, आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांची मेहनत असते. वैद्यकी किंवा इंजिनियरीचे वर्ग बरेचसे बांधलेले असतात. म्हणून आधी देशाची रीत पाहा, मग अर्ज करा.

दुसरी गोष्ट, मुख्य विषय असा घ्या की ज्यात खोल नांगरट करता येईल. त्याच्या जोडीला एक विषय मोजण्याचा घ्या. संख्याशास्त्र ज्यास येते त्यास कोणी खोट्या आकड्यांनी फसवू शकत नाही, आणि शेतकऱ्यास आजवर फसविले ते आकड्यांनीच.

तिसरी गोष्ट, एक विषय असा घ्या की ज्यातून आपले गाव आणि आपली माणसे कळतील. इतिहास असो, समाजशास्त्र असो, सहकार असो की पाण्याचा कायदा असो. जो पोरगा यंत्रे शिकून आला, पण आपली आई रानात दिवसभर राबून तिचे नाव सातबाऱ्यावर का नाही हे ज्यास उमगत नाही, त्याची विद्या अर्धी राहिली.

चौथी गोष्ट, जो वर्ग घ्यावयाचा त्याचा आराखडा, परीक्षेची पद्धत आणि पुस्तके अगोदर मागवून पाहा. सत्राच्या आरंभी वर्ग बदलण्यास मुदत असते. लाजेखातर ती दवडू नका. काही महिन्यांसाठीच जात असाल, तर तेथील वर्ग येथील विद्यापीठ धरील की नाही याची मान्यता निघण्यापूर्वी लेखी घ्या. तोंडी शब्दावर विसंबू नका. आणि शिष्यवृत्तीची मुदत डोळ्यांसमोर ठेवा. बाबासाहेबांसारख्या विद्वानासही शिष्यवृत्ती संपल्यामुळे १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा जाऊ शकले ते स्वतःची शिल्लक, मित्राचे कर्ज आणि कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींची मदत यांच्या बळावर.

आता शेवटचा आणि कडू भाग. केंद्र सरकारची एक राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे. २०२२-२३ सालच्या नियमावलीत तिच्या १२५ जागा होत्या. त्यांपैकी ११५ अनुसूचित जातींस, ६ विमुक्त व भटक्या जमातींस, आणि भूमिहीन शेतमजूर व परंपरागत कारागीर या दोघांस मिळून ४. देशभरच्या शेतमजुरांस आणि कारागिरांस चार जागा! पण याहून मोठी गोष्ट पुढे आहे. त्याच नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे संशोधनाचे विषय या शिष्यवृत्तीतून वगळण्यात आले. कारण असे दिले की, या विषयांची साधने देशातच विपुल आहेत. त्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही.

बंधूंनो, साधने देशात आहेत हे खरे. १९१६ साली जात तरी कोठे होती? ती येथेच होती, गावोगाव होती, विहिरीवर होती. ती तपासण्याची मोकळी जागा मात्र न्यूयॉर्कच्या वर्गात मिळाली. जेथे निबंध वाचणाऱ्याची जात पाहून त्याच्या निबंधाला गुण पडत नाहीत, तेथे बसून आपल्या दुःखाचा अभ्यास करावा असे एखाद्या मजुराच्या मुलीला वाटले, तर तिला नको म्हणणारे आपण कोण? श्रीमंताचा मुलगा बापाच्या पैशाने ऑक्सफर्डला जाऊन हाच इतिहास शिकू शकतो. त्यास कोणी अडवीत नाही. अडविले जाते ते ज्याच्या गाठीला पैसा नाही त्यास. पूर्वी संस्कृतच्या वर्गातून मुलास उठविले ते जातीच्या नावाने. आता नियमावलीच्या नावाने विषय काढून घेतला. ज्याच्यावर इतिहास घडला त्याने तो लिहू नये, असाच याचा अर्थ होतो.

माझी आपणास विनंती आहे की, ग्रामसभेत, शाळा व्यवस्थापन समितीत आणि मत मागण्यास येणाऱ्या पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न विचारावा. कारागीर व शेतमजूर यांच्या चार जागा वाढवा, आणि शिष्यवृत्तीवर विषयांचे कुंपण घालू नका, एवढीच मागणी करावी. आणि घरात आपल्या मुलीला व मुलाला विचारावे, 'तुला काय शिकावेसे वाटते?' हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरांत कोणी विचारला नाही, कारण उत्तर देण्याचा अधिकारच नव्हता. आज तो थोडाबहुत आला आहे. तो वापरल्याने वाढेल आणि न वापरल्याने जाईल.