रजईची घाई

(मंडळाच्या हळदीकुंकवाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी "चार शब्द बोला" म्हटले तेव्हा मी सरळ नाही म्हणाले. भाषण करण्याची मला सवय नाही. पण त्या म्हणाल्या, "भाषण नको, घरातलं काही सांगा." घरातले काय सांगावे याचा विचार करत होते, तो एक दिवस सकाळी स्वेटर, दुपारी पंखा आणि रात्री पुन्हा रजई, असा गेला. विषय आपोआप मिळाला.

आपण बहुतेकजणी लग्न होऊन दिल्लीला आलो. माहेरी आपण ऐकत आलो की महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत जाते. इथल्या शेजारणी तर त्याही आधी, वसंतपंचमीलाच, "आया बसंत, पाला उडंत" म्हणतात. पाला म्हणजे गारठा. दोन्ही म्हणी चांगल्या आहेत, पण दोहोंवर विसंबून मी एकदा मोठी चूक केली. तीच आज सांगणार आहे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये आपली काय तारांबळ उडते ते तुम्हाला ठाऊकच आहे. मुले सकाळी लोकरीचे कपडे घालून शाळेत जातात आणि दुपारी स्वेटर कमरेला बांधून येतात. निम्मी मुले ते बाकावर विसरूनच येतात. जानेवारीत दही लागावे म्हणून भांडे कणकेच्या डब्यात नाही तर शालीत गुंडाळून ठेवावे लागते. मार्चमध्ये तेच दही दुपारपर्यंत आंबट होते. मटार जून होऊ लागतो, लाल गाजरे संपत येतात, म्हणून शेवटचा हलवा घाईने करायचा. सांडगे घालावेत तर आभाळ भरून येते. माझा थर्मामीटर म्हणजे खोबरेल तेलाची बाटली. ती सकाळी गोठलेली आणि दुपारी पातळ दिसली की समजावे, हवेचा भरवसा नाही.

ही हवा अशी का, हे मला बरेच उशिरा कळले. पश्चिमेकडून, भूमध्य समुद्राच्या बाजूने, वाऱ्या-पावसाच्या लाटा एकामागून एक येतात. इथली वर्तमानपत्रे त्यांना 'पश्चिमी विक्षोभ' म्हणतात. त्यांनी पहाडात बर्फ पडते आणि आपल्याकडे पाऊस, कधी गारा. गंमत अशी की लाट येण्यापूर्वी आभाळ भरते आणि रात्री उबदार होतात. आपल्याला वाटते, थंडी गेली. लाट पुढे सरकली की पहाडाकडचा वारा सुटतो आणि पुन्हा हुडहुडी भरते. म्हणजे मधले ते उबदार दोन दिवस फसवेच असतात.

मला त्यांनीच फसवले. गोष्ट २०१९ सालची. १० फेब्रुवारीला वसंतपंचमी होती आणि पुण्याहून नणंदबाई यायच्या होत्या. त्या टापटिपीच्या. घर लखलखीत दिसावे म्हणून मी आठ दिवस आधीच आवराआवर काढली. दोन दिवस रात्री गारठा कमी झाला होता. मला वाटले, आता रजया काय करायच्या? दिवाळीच्या सुमारास पिंजाऱ्याकडे गर्दी असते आणि तो पैसेही जास्त घेतो. म्हणून पाचही रजया उसवून कापूस पिंजायला देऊन टाकल्या. सासूबाई म्हणाल्या, "होळी होऊ दे गं. एक तरी ठेव." मी म्हटले, "दोन खेस आहेत ना, पुरे होतील." खरे सांगते, त्या रजयांच्या मळक्या खोळी नणंदबाईंच्या नजरेला पडू नयेत, एवढेच माझ्या मनात होते.

७ फेब्रुवारीला संध्याकाळी आभाळ फाटले. दिल्लीत गारा पडल्या, नोएडाकडचे रस्ते तर पांढरेशुभ्र झाले. आमच्या गल्लीतली वीज गेली, म्हणजे हीटरही बंद. सासूबाई कुडकुडू लागल्या. आमच्या जिन्याखाली इस्त्रीवाला बसतो, त्याच्याकडून कोळसे आणले, शेगडी पेटवली आणि त्यांच्या खोलीत नेऊन ठेवली. धूर नव्हता, निखारे छान लाल होते. वारा येऊ नये म्हणून खिडकी लावली आणि फटीत जुनी लुगडी कोंबली. आमची धाकटी आजीजवळ निजली. तिला उबेत झोपलेली पाहून मला समाधान वाटले.

रात्री एकच्या सुमाराला ती धडपडत दाराशी आली. "आई, डोकं फुटतंय," म्हणाली आणि तिथेच ओकली. मी सासूबाईंना हाका मारल्या. त्या नुसत्या हुंकार देत होत्या, डोळे उघडेनात. ह्यांनी धावत जाऊन खिडक्या-दारे उघडली, शेगडी गच्चीत नेली. दोघींना मोकळ्या हवेत आणले आणि तसेच गाडी करून इस्पितळात गेलो. सकाळपर्यंत दोघींना प्राणवायू लावला होता. त्या बाकावर बसून मी किती देव आठवले ते माझे मला ठाऊक. देवाच्या दयेने दोघी बऱ्या झाल्या.

डॉक्टरांनी समजावून सांगितले, ते तुम्हीही ध्यानात ठेवा. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसला नाही म्हणजे धोका नाही, असे मुळीच नव्हे. रक्ताने प्राणवायू वाहून न्यायचा, त्या जागी हा वायू जाऊन बसतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते, आणि झोपलेले माणूस झोपेतच जाते. हवा खेळत नसलेल्या न्हाणीघरातल्या गॅसच्या गीझरचाही असाच धोका असतो.

पंचमीला नणंदबाई आल्या. मी मान खाली घालूनच वावरत होते. सासूबाईंनी त्यांना एवढेच सांगितले, "वीज गेली म्हणून शेगडी पेटवली, जरा त्रास झाला." रजयांचे नावसुद्धा काढले नाही. रात्री स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाल्या, "सूनबाई, माझ्या लेकीला मळकी खोळ दिसली असती, तर तिनं ती धुऊन दिली असती." मी काय बोलणार? पदराने डोळे पुसले.

पुढच्या वर्षांनी तर हवेचे आणखी रंग दाखवले. २०२० च्या मार्चमध्ये दिल्लीत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. २०२२ चा मार्च मात्र देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत उष्ण ठरला. होळीआधीच पंखे फिरू लागले आणि उत्तरेकडे गव्हाचा दाणा बारीक राहिला. तेव्हा एक तारीख धरून घर बदलू नये, हे मी शिकले.

आता आमच्याकडे असे चालते. एकेक वस्तू आत जाते. आधी जाड स्वेटर, मग मोजे, मग एकेक रजई. त्या उन्हात घालून, वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून पेटीत ठेवते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची आणि लहान मुलाची रजई सर्वांत शेवटी. आणि ती आत ठेवण्यापूर्वी ज्याची त्याला विचारते. थंडी गेली की नाही, हे ज्याला वाजते त्यानेच सांगावे.

आणि भगिनींनो, एवढे कराच. निजायच्या खोलीत शेगडी नेऊ नका. कितीही थंडी असो, निखारे कितीही लाल असोत. एकाच खोलीतल्या दोघांची डोकी एकदम दुखू लागली तर आधी दारे-खिडक्या उघडा, त्यांना बाहेर मोकळ्यावर आणा आणि लगेच इस्पितळात न्या. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईला आणि रात्रीच्या चौकीदारालाही हे सांगा. त्यांच्या एकाच खोलीच्या घरात हा धोका आपल्यापेक्षा जास्त आहे.

सासूबाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. अंगावर शाल आहे, आणि ती मी काढायला सांगितलेली नाही.