रोजा कधी सोडायचा, हे आधीच ठरवा

 

आजचा विषय आहे रमजानची तयारी. आता काही जण म्हणतील, "अगं, अजून दीड-दोन महिने आहेत, आत्तापासून काय?" तर हा भाग मुद्दामच लवकर करतेय. आज जे सांगणार आहे त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट चंद्र दिसल्यावर करायला घेतली, तर उशीर झालेला असतो. अंधेरी, जोगेश्वरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, जिथून कुठून तुम्ही लोकलचे धक्के खात रोजे ठेवता, त्या सगळ्यांसाठी हा भाग आहे. आणि तुमच्या शेजारच्या टेबलावर बसून "पाणीसुद्धा नाही?" असं विचारणाऱ्यांसाठीही.

आधी थोडा हिशोब. हिजरी वर्ष चंद्रावर चालतं, म्हणून रमजान दर वर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो. २०१७ मध्ये आपल्याकडे पहिला रोजा २८ मेला होता, २०२५ मध्ये २ मार्चला. २०३० मध्ये तर गंमतच आहे, एकाच इंग्रजी वर्षात रमजान दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि डिसेंबरच्या शेवटी. मुंबईत याचा फायदा असा, की मे-जूनमध्ये रोजा साडेचौदा तासांपर्यंत जायचा, तो मार्चमध्ये साधारण तेरा तासांवर आलाय, आणि पुढे आणखी थोडा आखूड होणार. पण तेरा तासही कमी नाहीत. त्यात ऑफिस आहे, प्रवास आहे, आणि मार्चची दुपार म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहेच.

आता मुख्य मुद्दा. घरात कुणाला डायबेटिस, ब्लड प्रेशर, किडनी किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरकडे आत्ता जायचं. रमजानच्या आदल्या दिवशी जाऊन उपयोग नाही. इंटरनॅशनल डायबेटिस फेडरेशनच्या मार्गदर्शनातही सहा ते आठ आठवडे आधी भेटा असं आहे. कारण सरळ आहे. दिवसातून दोन-तीन वेळा घ्यायची औषधं सहरी आणि इफ्तार या दोन वेळांत बसवायची असतात, काही गोळ्यांचा डोस कमी करावा लागतो, आणि नवा डोस अंगाला मानवतो का हे बघायला वेळ लागतो. विशेषतः इन्सुलिन घेणारे, आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणारे. या गोळ्या पोटात अन्न असो-नसो, साखर खाली आणतातच. स्वतःच्या मनाने सकाळची गोळी रात्री आणि रात्रीची पहाटे, असं करू नका. मी डॉक्टर नाही, तुमचा डोस मी सांगू शकत नाही. तुम्हाला डॉक्टरच्या दारापर्यंत नेणं एवढंच माझं काम.

यावर लोक म्हणतात, "डॉक्टर रोजा ठेवूच नका म्हणतील, मग विचारायचं कशाला?" हाच तर घोटाळा आहे. २००१ मध्ये १३ देशांत बारा हजारांहून जास्त मधुमेही लोकांचा एक मोठा अभ्यास झाला, एपिडायर नावाचा. त्यात टाइप २ डायबेटिस असलेल्यांपैकी जवळपास ७९ टक्के लोकांनी किमान पंधरा रोजे ठेवलेच होते. म्हणजे माणसं ठेवतातच. आणि त्याच अभ्यासात दिसलं, की साखर धोकादायक उतरून दवाखान्यात जायची वेळ येण्याचं प्रमाण टाइप २ मध्ये रमजानात साडेसातपट झालं. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. घरातलं ज्येष्ठ माणूस कुणाला न सांगता रोजा ठेवतं, साखर उतरली तरी गप्प बसतं, कारण नातवंडांसमोर रोजा तोडायचा म्हणजे त्यांना कमीपणा वाटतो. तिथेच माणसं हातची जातात.

म्हणून या भागाचं नाव तसं ठेवलंय. रोजा कधी सोडायचा, हे रोजा धरण्याआधी ठरवा. दोन आकडे लक्षात ठेवा, ७० आणि ३००. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली, की रोजा सोडायचा. इफ्तारला दहा मिनिटं उरली असली तरी. हात थरथरणं, दरदरून घाम, छातीत धडधड, बोलताना शब्द अडखळणं, ही लक्षणं दिसली तर आधी साखर तपासा. तपासायला मशीन नसेल तर थांबू नका, रोजा सोडा. माणूस शुद्धीवर असेल आणि नीट गिळत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

आधीच का ठरवायचं? साखर उतरली की सगळ्यात आधी डोकं चालेनासं होतं. त्या क्षणी माणूस "मी ठीक आहे, थोडंच राहिलंय" असंच म्हणतो. निर्णय घ्यायला तेव्हा त्याच्याकडे डोकंच नसतं. म्हणून डोकं शांत असताना, घरच्यांसमोर, आकडा कागदावर लिहून फ्रिजवर लावायचा. मग भर दुपारी वाद घालायची गरज नाही. कागद दाखवायचा. बस्स.

"पण बोटाला सुई टोचली तर रोजा तुटतो ना?" नाही तुटत. साखर तपासायला थेंबभर रक्त काढल्याने रोजा तुटत नाही, यावर उलेमांचं व्यापक एकमत आहे. शंका असेल तर आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना आत्ताच विचारून घ्या, आणि विचारताना अब्बांना किंवा दादीला सोबत न्या. तुमच्या तोंडून ऐकलेलं आणि इमामसाहेबांच्या तोंडून ऐकलेलं, यात घरात किती फरक पडतो हे मी वेगळं सांगायला नको. कुराणातच, सूरह बकराच्या १८४ आणि १८५ व्या आयतींत, आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत आहे. बरे झाल्यावर कजा रोजे ठेवायचे. आजार कायमचा असेल तर फिदिया, म्हणजे दर रोज्यामागे एका गरजू माणसाला जेवण. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनाही मोकळीक आहे. पाळीच्या दिवसांत तर रोजा ठेवायचाच नसतो. मुलींनो, त्या दिवसांत ऑफिसात चोरून पाणी पिऊ नका. कुणी बघितलं तर बघू दे.

आता तुमच्या-माझ्यासारख्या धडधाकट लोकांचं. पहिल्या दोन-तीन रोज्यांना डोकं फुटेस्तोवर दुखतं, ते बहुतेकदा भुकेने नसतं, चहाने असतं. रोज चार-पाच कटिंग मारणाऱ्याचं कॅफीन एकदम बंद झालं, की १२ ते २४ तासांत डोकं ठणकायला लागतं. उपाय सोपा आहे. दोन आठवडे आधीपासून दर तीन-चार दिवसांनी एक कटिंग कमी करा, आणि दुपारचा चहा आधी सोडा. सिगारेटचं तसंच. आणि इफ्तारला रिकाम्या पोटी पहिला झुरका मारलात तर गरगरेल. खरं तर सोडायची असेल तर याहून बरा महिना नाही, तेरा तास तुम्ही तशीही राहताय.

सहरी. "मी रात्रीच खाऊन झोपतो, उठवत नाही" म्हणणाऱ्यांनो, तुमचा रोजा तेरा तासांचा राहत नाही, अठरा तासांचा होतो. उठा. ताटात हळू पचणारं काहीतरी हवं. भाकरी किंवा पोळी, अंडी, डाळ, दही, एखादं केळं. आमच्यासारख्या कोकणी घरांत भाकरीसोबत सुका जवळा नाहीतर लोणचं घ्यायचा मोह होतो. ते इफ्तारनंतर खा. सहरीला खारट खाल्लंत तर अकरा वाजताच घसा कोरडा पडेल. पापड, नमकीन, पाकिटातले नूडल्स, तेही बाद. आणि शेवटच्या पाच मिनिटांत लिटरभर पाणी ढोसू नका. शरीर ते साठवून ठेवत नाही, तासाभरात बाहेर टाकतं. इफ्तारपासून सहरीपर्यंत आठ-दहा ग्लास, थोडं थोडं करून प्या. बाटली तरावीहला सोबत न्या.

झोपेचा हिशोबही आत्ताच लावा. तरावीह आटोपून घरी यायला दहा वाजतात, पहाटे पावणेपाचला उठायचं. साडेदहाला आडवे झालात तर सहा तास मिळतात. पण आपण आडवे होऊन रील्स बघतो आणि साडेबारा वाजतात. रमजानात भुकेपेक्षा झोप जास्त माणसं पाडते. जेवणाच्या सुट्टीत तुम्हाला जेवायचं नाही, तर वीस मिनिटं डोळे मिटा.

आता फोन हातात घ्या आणि वेळा दाखवणारं अ‍ॅप उघडा. सेटिंगमध्ये जाऊन दोन गोष्टी बघा. एक, ठिकाण मुंबईच आहे ना. पुण्याला गेलात तर सूर्य साधारण चार मिनिटं आधी मावळतो. दोन, फजरची पद्धत. काही अ‍ॅप सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांवर असतानाची वेळ धरतात, काही १५ अंशांची. मुंबईत त्यामुळे सहरीच्या शेवटच्या वेळेत बारा-तेरा मिनिटांचा फरक पडतो. तुमच्या मशिदीच्या वेळापत्रकाशी एकदा ताडून बघा आणि महिनाभर तेच धरा. शाफई-हनफी सेटिंगची चिंता नको, त्याने असरची वेळ बदलते, सहरी-इफ्तारची नाही.

प्रवासाचं बोलू. मार्चच्या सुरुवातीला मगरिब पावणेसातच्या आसपास असते. सहाच्या सुमारास चर्चगेटहून फास्ट पकडलीत, तर इफ्तार बोरिवलीच्या अलीकडे गाडीतच होणार. बॅगेत तीन खजूर आणि पाण्याची बाटली कायम ठेवा. दोन खजूर जास्तच ठेवा, डब्यात कुणी ना कुणी विसरलेला असतोच. मेट्रोच्या डब्यात खाणंपिणं चालत नाही, म्हणून वर्सोवा-घाटकोपर मार्गावरच्या लोकांनी वेळ बघूनच गाडीत चढा. आणि बाईकवाल्यांनो, डिलिव्हरी करणाऱ्यांनो, तुमच्यासाठी खास. शेवटच्या अर्ध्या तासात लक्ष सर्वांत कमी असतं आणि घाई सर्वांत जास्त. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर अजान गाठायला सिग्नल तोडू नका. बाजूला गाडी लावा, खजूर तोंडात टाका, पाणी प्या, मग निघा.

इफ्तारबद्दल मराठीत एक म्हण आहेच, एकादशी आणि दुप्पट खाशी. ती आपल्यालाही तंतोतंत लागू पडते! तेरा तास रिकाम्या पोटावर समोसे, भजी आणि लालभडक सरबताचे तीन ग्लास, मग तरावीहमध्ये डोळे मिटतात यात नवल काय? खजूर, पाणी, थोडी फळं, मग नमाज, आणि मग जेवण. मधल्या दहा मिनिटांत पोटाला कळतं की अन्न आलंय. मोहम्मद अली रोडवर मिनारा मशिदीजवळ जाऊन मालपुवा खायचाय? जरूर खा. तीस दिवसांपैकी एक दिवस. बाकीचे एकोणतीस घरचं.

शेवटी, रोजा न ठेवणाऱ्या दोस्तांसाठी. आमच्यासमोर डबा खाल्लात तर आम्हाला काही होत नाही, कोपऱ्यात जाऊन लपू नका. मदत करायचीच असेल तर मीटिंग साडेसहाची ठेवू नका, आणि जड कामं सकाळी घ्या. घाटकोपरच्या ऑफिसात तर हे लोकांना पटकन कळतं. चोविहार करणारी जैन मैत्रीण सूर्य मावळण्याआधी जेवण उरकते, आणि रोजेदार सूर्य मावळल्यावर सुरू करतो. दोघांचं लक्ष एकाच घड्याळावर. दहावी-बारावीच्या मुलांनाही सांभाळा. २०२५ मध्ये दहावीची परीक्षा १७ मार्चपर्यंत होती, म्हणजे अर्धे रोजे पेपरांत गेले. घरातल्या परीक्षार्थीला रात्री जागून दावतीची भांडी घासायला लावू नका, एवढं तरी करा.

तर मंडळी, आजचं काम एकच. हा भाग संपला की घरातल्या ज्या माणसाची औषधं चालू आहेत, त्याच्यासाठी डॉक्टरची वेळ घ्या. आणि हा भाग त्यांना ऐकवा. स्वतः रोजे ठेवणारे डॉक्टर ओळखीचे असतील तर फारच उत्तम. काही प्रश्न असतील तर मेसेज करा, पुढच्या भागात उत्तरं घेते.

तब्येत सांभाळा. भेटू. खुदा हाफिज!