जुना गोल बेलर घ्यावा काय?
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानावरून)



गहू पिवळा पडू लागला की शिरपूर, चोपडा, अमळनेर भागातून एक प्रश्न हमखास येतो. "सर, परराज्यातला जुना गोल बेलर मिळतो आहे. दोन लाखांच्या आत देतो म्हणतो. घेऊन टाकू काय?" विचारणाऱ्याच्या मनात किंमत पक्की असते, कामाचा हिशेब मात्र मांडलेला नसतो. पैसे बहुधा कर्जाचे असतात. म्हणून यंत्राकडे जाण्याआधी आपल्या शेतातल्या काडाकडे पाहू.

गोल बेलर जमिनीवर ओळीत पडलेले वाळके काड दात्यांनी उचलतो, रोलरमध्ये फिरवून दाबतो, त्यावर सुतळी गुंडाळतो आणि गाठ मागे सोडतो. ३५ ते ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरवर चालणाऱ्या लहान बेलरची गाठ साधारण वीस किलोच्या आसपास भरते. काड बारीक, कोरडे आणि ओळीत असेल तरच हे काम नीट होते.

कंबाइनने काढलेल्या गव्हात हे जमते. मक्याची कणसे खुडली की ताटे उभीच राहतात. ती कापा, वाळवा, ओळीत ओढा आणि मग बेलर आणा. शिवाय जाड ताटांनी दाते वाकतात. पऱ्हाटीचा तर विचारच नको, आणि केळीचे खांब पाण्याने भरलेले. राहिली आपली दादर. तिचा कडबा पेंढी बांधून गंजीला लावण्याचा आहे. घेणारा पाला आणि रंग पाहून भाव करतो. बेलरमध्ये तोच पाला झडतो. दादरीसाठी बेलर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट बेलर विकणारा सांगत नाही. गाठ झाली म्हणजे चारा तयार झाला असे नाही. गाठ सोडून काडाची पुन्हा कुट्टी करावी लागते. गव्हाचे काड फक्त घरच्या जनावरांसाठी हवे असेल तर भुसा करणारे यंत्र भाड्याने आणावे, ते एकाच फेरीत भुसा ट्रॉलीत भरते. काड लांब न्यायचे असेल, थोड्या जागेत साठवायचे असेल किंवा विकायचे असेल, तेथे बेलरचा उपयोग.

आता हिशेब. आकडे मी धरलेले आहेत, त्या जागी आपले घालावेत. समजा यंत्र १ लाख ८० हजारांना मिळाले आणि दुरुस्तीस ४० हजार लागले. एकूण २ लाख २० हजार. पाच वर्षांनी ते ६० हजारांना विकले, तर घसारा वर्षाला ३२ हजार. सरासरी गुंतवणूक १ लाख ४० हजार, त्यावर १२ टक्क्यांनी व्याज १६,८००. दरवर्षीची दुरुस्ती २५ हजार. म्हणजे यंत्र शेडमध्ये उभे राहिले तरी ७३,८०० रुपयांची सोय करावी लागणार. भाड्याने गाठ बांधण्याचे ३० रुपये मिळाले आणि डिझेल, सुतळी, ड्रायव्हर मिळून १६ रुपये गेले, तर गाठीमागे १४ रुपये उरतात. नुसता वरचा खर्च निघायला सुमारे ५,२७० गाठी बांधाव्या लागतील. एकरी ४० गाठी धरल्या तर १३० एकरांवर काम झाले. दिवसाला पाच-सहा एकर उरकले तरी बावीस ते सव्वीस दिवस लागतात. आपला गव्हाचा हंगाम तेवढाच असतो, आणि त्यात एखादा अवकाळी पाऊस येतोच. स्वतःच्या दहा एकरांच्या ४०० गाठींवर हाच खर्च टाकला तर गाठीमागे १८४ रुपये पडतात!

म्हणून आधी गावात फिरून किती एकर गहू कंबाइनने निघतो आणि त्यातले किती जण काम देतील, हे वहीत लिहून काढावे. शंभर एकरही जमत नसतील तर विषय तिथेच सोडावा, किंवा चार-पाच जणांनी मिळून घ्यावा.

एकर जुळले, तर यंत्र पाहायला जा. अंगणात रिकामे फिरवून दाखवलेले यंत्र पाहिले असे समजू नये. स्वतःचा ट्रॅक्टर नेऊन खऱ्या काडात तासभर चालवावे. पाच गाठी तोलाव्यात, सुतळीला धरून उचलाव्यात. ढिली गाठ हातातच सुटते. मग इंजिन बंद करून, सर्व भाग थांबल्यावर, बेअरिंगचे आवरण जपून चाचपावे. एखादे बाकीच्यांपेक्षा फार तापले असेल तर ते संपले आहे. साखळी आणि तिची दातेरी चाके एकत्र पाहावीत. चाकाचे दात टोकदार झाले असतील तर नुसती साखळी बदलून भागत नाही. रोलरला चिरा किंवा वेल्डिंग आहे का, गिअरबॉक्समधून तेल गळते का, मागचे दार घट्ट बंद होते का, हेही पाहावे. गोल बेलरमध्ये गाठ मारणारी नाजूक यंत्रणा नसते, सुतळी फक्त गुंडाळून कापली जाते. चौकोनी बेलरपेक्षा ही बाजू सोपी आहे. यंत्र आधी कोठे चालले ते विचारावे. उसाच्या पाचटात मातीसह चाललेले यंत्र रंग चांगला दिसला तरी आतून झिजलेले असते. आणि सुटे भाग जळगाव किंवा धुळ्यात मिळतात का? हंगामात एका बेअरिंगसाठी आठवडा गेला तर वरचा सगळा हिशेब मोडतो.

काड ओले असताना गाठी बांधू नयेत. ओलावा १५ टक्क्यांच्या आसपास असावा. मूठभर काड पिळल्यावर मोडले पाहिजे. ओल्या गाठी आतून तापतात, बुरशी धरतात, क्वचित पेटतातही. साठवल्यावर तीन-चार दिवसांनी गाठीत हात घालून पाहावा.

काड अडकले की लोक पी.टी.ओ. चालू ठेवून पायाने ढकलतात. ५४० फेऱ्यांनी फिरणारा शाफ्ट हात मागे घ्यायला वेळ देत नाही. इंजिन बंद, किल्ली खिशात, मगच हात लावावा. शाफ्टवरचे आवरण नसेल तर किमतीतून ते वजा करून आधी ते बसवावे. धोतर, उपरणे, साडीचा पदर यंत्राजवळ नको. मागचे दार वर असताना त्याला अडकण लावल्याशिवाय खाली जाऊ नये.

शेवटी कागद. यांत्रिकीकरण योजनेतील अनुदान नव्या यंत्राला आहे, म्हणून अनुदान वजा जाता नवा बेलर कितीला पडतो ते तालुका कृषी अधिकारी कार्यालयात आधी विचारावे. कधी कधी फरक वाटतो त्यापेक्षा कमी निघतो. जुने यंत्र मूळ मालकाने अनुदानातून घेतले होते काय, विक्रीवर बंधन आहे काय, त्यावर बँकेचा बोजा आहे काय, हे पाहून यंत्राचा क्रमांक घातलेली सही-शिक्क्याची पावती घ्यावी. सौदा पावसाळ्यात करावा. फेब्रुवारीत विकणाऱ्याला घाई नसते, आपल्याला असते.