बाळ घास खाऊ लागले, तरी अंगावरचे दूध तोडू नका
(महिला मंडळाच्या आरोग्यविषयक बैठकीतील भाषण)



वस्तीत बाळंतिणींच्या घरी आम्ही जातो तेव्हा एक प्रश्न हमखास कानावर येतो. बाळाला सहा महिने पूर्ण झाले, वरचे अन्न सुरू केले. आता अंगावर किती वेळा पाजायचे? आजी म्हणते, "आता खातंय ना पोरगं, मग दूध कशाला?" शेजारीण म्हणते, "सकाळ-संध्याकाळ पाजलं की झालं." नवी आई बिचारी गोंधळते. म्हणून आज याच विषयावर बोलायचे आम्ही ठरवले.

पहिली गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. वरचे अन्न दुधाच्या जोडीला आहे, बदल्यात नाही. सहा महिने ते एक वर्ष या काळात बाळाला लागणाऱ्या शक्तीपैकी निम्मी किंवा जास्तही आईचे दूध देऊ शकते. दुसऱ्या वर्षी सुमारे एक तृतीयांश. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना २ वर्षे आणि त्यापुढेही पाजा असे सांगते. मग अन्न कशाला? तर वाढत्या बाळाला आता नुसते दूध पुरत नाही, आणि दुधात लोह फारच थोडे असते.

आता वेळांचे पाहू. दुधाला ठरावीक आकडा नाही. बाळ मागेल तेव्हा, दिवसा आणि रात्रीही पाजावे. आकडा आहे तो जेवणाला. ६ ते ८ महिने दिवसातून २-३ वेळा, ९ महिन्यांपासून ३-४ वेळा, आणि वर्षानंतर मधल्या वेळी एक-दोनदा थोडा खाऊ. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, मग हळूहळू अर्धी वाटी. आधी दूध की आधी घास यावर घरात वाद नको. घास भरवला म्हणून पाजायचे टाळले, असे मात्र होऊ देऊ नका. बाळ जास्त खाऊ लागले की आपणहून दूध कमी मागते.

वरणाचे नुसते पाणी पाजून पोट भरते, पण अंगी काही लागत नाही. चमच्यावर टिकेल इतके घट्ट द्यावे. कुस्करलेला वरण-भात, मऊ खिचडी, वर थोडे तेल-तूप, नाचणीची लापशी, केळे, नीट शिजवलेले अंडे, काटे काढलेली मासळी, घरात असेल ते. चहा-बिस्किट मात्र नको. चहामुळे अन्नातले लोह कमी लागू पडते. वर्षाच्या आत मधही नको. जुलाब-ताप झाला तर दूध तोडू नका, उलट जास्त वेळा पाजा आणि दवाखान्यात दाखवा. दर महिन्याला अंगणवाडीत वजन करा. वजन वाढत नसेल तर डॉक्टरांना विचारा.

आता कामावर जाणाऱ्या भगिनींविषयी. कारखान्यातल्या बाळंतिणींना विश्रांती आणि भत्ता देणाऱ्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात पाठिंबा दिला. १९२९ साली त्याचा कायदा झाला. आज १० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोनदा सुट्टी आहे. हा हक्क आहे, तो मागून घ्या. पण धुणीभांडी किंवा रोजंदारी करणाऱ्या आईला ही रजा बहुधा मिळत नाही. तिने काय करावे? निघण्यापूर्वी पाजावे, आल्याबरोबर पाजावे, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी बाळ मागेल तेवढे पाजावे. हात धुऊन स्वच्छ भांड्यात काढलेले, झाकून सावलीत ठेवलेले दूध चार तासांच्या आत वाटी-चमच्याने बाळाला देता येते. बाटली नको.

हे एकट्या आईचे काम नाही. ती पाजायला बसली की भाकरी सासूने थापावी, पाणी नवऱ्याने भरावे. तिलाही पोटभर जेवू द्यावे. "दूध तोड" म्हणणे सोपे आहे, तिला अर्धा तास मोकळा देणे अवघड. पण बाळाच्या अंगावर मूठभर मांस चढते ते त्या अर्ध्या तासाने.

एवढे सांगून आम्ही थांबतो. जयभीम!