श्रम, शरीर आणि स्त्री



आम्ही बँकेतले कारकून, कला शाखेचे पदवीधर. शरीरशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तरीही हा विषय आम्ही मागून घेतला. कारण तो पुस्तकात वाचण्याआधी आम्ही घरात पाहिला आहे.

रोजगार हमीच्या कामावर आमचे वडील कुदळीने खणत आणि आई मातीची पाटी डोक्यावरून वाही. मजुरी खणलेल्या मातीच्या मापावर. दुपारनंतर आईला दम लागे, छाती धडधडे. वडील म्हणत, "इतक्यात दमलीस?" आम्ही पोरेही हसत असू. पुढे तपासणीत तिचे हिमोग्लोबिन ८ निघाले. आमचे ते हसू आजही आम्हांला टोचते.

शास्त्र काय सांगते? सरासरीने स्त्रीचे हृदय आकाराने लहान, स्नायू कमी आणि रक्तातील हिमोग्लोबिनही थोडे कमी. प्राणवायू वाहून नेतो तो हिमोग्लोबिनच. म्हणून तेच ओझे त्याच वेगाने वाहताना स्त्रीची नाडी सहसा पुरुषापेक्षा जलद चालते. ताकदीतील तफावत पायांपेक्षा हात-खांद्यांत अधिक असते. मात्र आपापल्या ताकदीच्या प्रमाणात बेताचा जोर बराच वेळ धरून ठेवायचा असेल, तर स्त्रीचे स्नायू पुष्कळदा उशिरा थकतात. शिवाय ही सारी सरासरी आहे; कष्टाला सरावलेली बाई न सरावलेल्या पुरुषाला मागे टाकते, हे आपण रोज पाहतो.

हा झाला निसर्गाचा फरक. आता आपण केलेला फरक पाहा. रक्तक्षय ठरविताना जागतिक आरोग्य संघटना पुरुषासाठी १३ आणि गर्भवती नसलेल्या स्त्रीसाठी १२ ग्रॅम ही मर्यादा धरते. म्हणजे निसर्गाचा वाटा आधीच वजा केलेला आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. पुरुषांत २५ टक्के. पाळी आणि बाळंतपणात रक्त जाते, हे खरे. पण सर्वांत शेवटी, उरलेसुरले जेवावे, असे निसर्गाने सांगितलेले नाही. आमची आई तशीच जेवत असे.

काहीजण म्हणतील, शरीर दुबळे तर मजुरीही कमी असू द्या. हा तर्क चुकीचा आहे. त्याच कामासाठी जिचे हृदय अधिक धावते, तिचे कष्ट कमी कसे? समान कामाला समान वेतन हे तत्त्व १९७६ च्या कायद्याने मान्य केले. त्याच्याही कितीतरी आधी, १९२८ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला आणि बाळंतपणाच्या आधी व नंतर मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे मांडले. शरीराचा फरक ओळखून हक्क वाढवायचे असतात, कापायचे नसतात, हा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

तेव्हा बंधूंनो, घरातील स्त्रियांचे रक्त तपासून घ्या. पाटी भरताना वाहणाऱ्याकडे पाहून भरा. आणि विद्यार्थी मित्रहो, आज घरी गेल्यावर आई जेवली का, हे आधी विचारा. मग तिच्यासोबतच ताटावर बसा.

जयभीम!